दान कीं वेठ ?

घड्याळ बिघडलें तर तें घड्याळजीकडे न्यावें, हा आपल्या घरोघरचा जुना शिरस्ता. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून झांकण उघडी, चिमट्यानें एखादें चक्र उचलून पाही आणि तेल आटलें आहे किंवा कमान तुटली आहे असा निर्णय देई. दोष कोठें आहे हें त्याला दिसत असे, आणि त्यानें बोट ठेवलें म्हणजे आपल्यालाही दिसत असे. हल्लीं धांवणाऱ्या व व्यायाम करणाऱ्या मंडळींच्या मनगटावर जीं ‘स्पोर्ट्स वॉच’ नांवाचीं घड्याळें असतात, त्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील दोष बहुधा चक्रांत नसून सॉफ्टवेअरमध्यें, म्हणजे यंत्रानें कसें वागावें हें सांगणाऱ्या आज्ञावलींत असतो, आणि तो दुरुस्त करणारा कारागीर हजारों कोस दूर बसलेला असतो. त्याला तो दोष दिसत नाहीं. ज्याच्या मनगटावर घड्याळ आहे त्यालाच तो दिसतो. म्हणून या घड्याळांच्या बाबतींत एक नवाच प्रघात पडला आहे. गिऱ्हाइकांपैकींच कांहीं जण आपण होऊन, मोबदला न घेतां, अपुऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा पाहण्याचें काम पत्करतात. या प्रघाताविषयीं, आणि ज्या तक्रारींतून तो जन्मास आला त्यांविषयीं, या महिन्याच्या सदरांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय क्षुल्लक आहे असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु पहाटे पुण्यामुंबईच्या रस्त्यांवरून जो कोणी फिरावयास गेला असेल, त्यानें धांवणाऱ्यांचे जथे पाहिलेच असतील. त्यांत महाविद्यालयांतील मुलें असतात, संसार सांभाळून धांवणाऱ्या गृहिणी असतात, आणि हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानें नाडीचा आंकडा पाहत पाहत पावलें टाकणारे आमच्या वयाचे गृहस्थही असतात. घड्याळ जें सांगेल त्यावरून हीं सर्व मंडळी आपला वेग वाढवितात अथवा आवरतात. ज्या आंकड्यावरून माणूस आपल्या शरीराचे श्रम ठरवितो तो आंकडा खरा आहे कीं नाहीं, आणि तो खरा करण्याचे कष्ट कोणीं सोसावेत, हा प्रश्न क्षुल्लक खास नव्हे.

प्रथम या घड्याळांचा वंश पाहूं. तो फार जुना नाहीं. फिनलंडमधील सुंटो ही कंपनी १९३६ सालीं निघाली ती होकायंत्रें करण्यासाठीं. त्याच देशांत केंपेले येथें १९७७ सालीं पोलर ही कंपनी स्थापन झाली आणि तिनें १९८२ सालीं तारेवांचून चालणारा, अंगावर वागविण्याजोगा नाडीमापक तयार केला. छातीला पट्टा आणि मनगटावर आंकडा, अशी त्याची रचना होती. अमेरिकेंत १९८९ सालीं स्थापन झालेल्या गार्मिन कंपनीनें २००३ सालीं उपग्रहांवरून अंतर मोजणारें ‘फोररनर’ हें धांवणाऱ्यांचें मनगटी यंत्र काढलें. पुढें या सर्व विद्या एकाच डबींत एकत्र आल्या. आज त्या डबींत उपग्रहांचा संदेश ऐकण्याची सोय आहे, नाडी पाहणारा प्रकाश आहे, हवेचा दाब मोजणारें साधन आहे आणि हाताच्या हालचालीवरून पावलें मोजणारी चीपही आहे.

यांतील प्रत्येक विद्येला तिची स्वतःची मर्यादा आहे. ‘जीपीएस’चे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यांचा संदेश निघाला केव्हां आणि पोंचला केव्हां, यावरून घड्याळ आपलें स्थान काढतें. संदेश येतो प्रकाशाच्या वेगानें. म्हणून काळ मोजण्यांत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरांत ३०० मीटरची चूक होते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत तर अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळीत असे. ती बंद झाल्यावरच हें अंतरमापन सामान्य माणसाच्या खऱ्या उपयोगाचें झालें. आजही उंच इमारतींच्या मधल्या गल्लींत संदेश भिंतींवर आपटून वांकड्या वाटेनें येतो, आणि रस्त्यानें सरळ धांवणारा माणूस नकाशावर मात्र लोकांच्या दिवाणखान्यांतून गेलेला दिसतो. १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर ऐकणारीं नवीं घड्याळें या भुलावणीस कमी बळी पडतात. पण त्यासाठीं त्यांना बॅटरी अधिक खर्चावी लागते.

नाडीचेंही तसेंच आहे. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश कातडींत शिरतो, रक्त तो शोषून घेतें, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त कमीअधिक झालें कीं परत येणारा प्रकाशही बदलतो. पट्टा सैल असला, हात गारठले असले किंवा मनगटावर गोंदलेलें असलें, तर हें वाचन बिघडतें. धांवतांना आणखी एक घोटाळा होतो. पावलें मिनिटाला १६० ते १८० पडत असतात, हात त्याच तालावर हालत असतो, आणि घड्याळ कित्येकदां त्या तालालाच नाडी समजून बसतें. मग १३० च्या नाडीनें सावकाश धांवणाऱ्यास घड्याळ १७० सांगतें व तो बिचारा घाबरून थांबतो.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं अशा सात यंत्रांची ६० स्वयंसेवकांच्या मनगटावर परीक्षा घेतली व ती २०१७ सालीं प्रसिद्ध केली. सातांपैकीं सहा यंत्रांनीं नाडी ५ टक्क्यांहून कमी चुकीनें सांगितली. पण किती कॅलरी खर्च झाल्या हें मात्र एकालाही नीट सांगतां आलें नाहीं. त्यांतल्या त्यांत उत्तम यंत्राची चूकही सरासरी २७ टक्के भरली. तेव्हां ‘घड्याळ म्हणतें आज पांचशें कॅलरी जळल्या, म्हणून आणखी दोन पुरणपोळ्या चालतील’ असा हिशेब करणारांनीं सावध असावें, हें बरें.

इतकें ध्यानांत घेतलें म्हणजे तक्रारींची वर्गवारी करणें सोपें जातें. आम्हीं त्यांचे तीन प्रकार मानतों. पहिल्या प्रकारांत घड्याळाचा दोष बहुधा नसतोच. मॅरेथॉनचें अंतर ४२.१९५ किलोमीटर. शर्यत संपल्यावर पुष्कळांच्या घड्याळांत त्याहून दोनचारशें मीटर अधिक भरतात, आणि कोणी आयोजकांस नांवें ठेवतो, कोणी घड्याळास. वस्तुतः प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला गणकयंत्र लावून, प्रत्येक वळणावर जवळांत जवळची रेषा धरून मोजतात. आणि मार्ग आंखूड भरूं नये म्हणून त्यांत हजारीं एक भाग, म्हणजे मॅरेथॉनला सुमारें ४२ मीटर, मुद्दाम वाढवितात. धांवणारा मात्र गर्दींतून नागमोडी जातो, पाणी घेण्यास कडेला वळतो, वळणावर बाहेरची बाजू धरतो. तो खरोखरच अधिक धांवलेला असतो.

दुसरा प्रकार विद्येच्या मर्यादेचा. प्रकाशाचें व उपग्रहांचें वर सांगितलेंच आहे. उंचीचें उदाहरण घ्या. समुद्रसपाटीजवळ सुमारें ८ मीटर चढलें कीं हवेचा दाब १ हेक्टोपास्कलनें उतरतो, आणि घड्याळ दाबावरून उंची काढतें. सातारची डोंगरी अर्धमॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटानें चढते. तेथें घामानें अथवा चिखलानें घड्याळाचीं बारीक छिद्रें बुजलीं, तर चढलेला घाटही नोंदींत नीट उतरत नाहीं. उलट पावसाळी हवेंत दाब एकाएकीं उतरला, तर ओसरीवर बसलेला माणूसही डोंगर चढल्याचें दिसतें. अशा तक्रारींस थोडें ज्ञान हेंच औषध आहे.

तिसरा प्रकार खऱ्या दोषांचा. २०२५ सालच्या जानेवारीच्या २८ तारखेस गार्मिनचीं अनेक प्रकारचीं घड्याळें जगभर एकदम अडून बसलीं. धांवण्याची नोंद सुरू करण्यास कळ दाबली कीं पडद्यावर निळा त्रिकोण दिसे आणि घड्याळ पुढें सरकत नसे. उपग्रहांच्या जागांची आगाऊ माहिती पुरविणाऱ्या एका फाईलमधील दोषाशीं त्याचा संबंध जोडण्यांत आला. घड्याळ बंद करून पुन्हां सुरू करण्याच्या सूचना कंपनीनें दिल्या. त्यानेंही भागलें नाहीं, त्या कित्येकांना घड्याळ पुसून कोरें करावें लागलें. त्यापूर्वीं २०२० च्या जुलैंत त्याच कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांनीं हल्ला केला होता. तेव्हां घड्याळें चालत होतीं, पण त्यांतील नोंदी कित्येक दिवस कंपनीच्या दप्तरीं पोंचत नव्हत्या.

अशा मोठ्या अरिष्टांची बातमी वर्तमानपत्रांत येते आणि त्यांवर उपायही लवकर होतो. माणसाला खरी गांजणूक होते ती लहान दोषांची. नवें सॉफ्टवेअर आलें आणि आठवडाभर पुरणारी बॅटरी दोन दिवसांत संपूं लागली. पोहण्याच्या तलावांतील फेऱ्या रोज एकानें कमी भरूं लागल्या. रात्रीं स्वस्थ पुस्तक वाचीत बसलेल्या माणसाच्या नांवें दोन तासांची गाढ झोंप लागली. यांतील एकही गोष्ट छापून येण्याजोगी नाहीं. पण ज्याचें घड्याळ, त्याचा जीव मेटाकुटीस येतो.

मग विक्रीस काढण्यापूर्वीं हे लोक परीक्षा कां करीत नाहींत, असा प्रश्न सहजच उद्भवतो. ते करतात, परंतु येथें आपला एक जुना न्याय लंगडा पडतो. स्थालीपुलाकन्याय आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. हंडींतील एक शीत चेपून पाहिलें कीं सगळा भात शिजला कीं नाहीं तें कळतें. हा न्याय खरा ठरतो, कारण हंडींतील सर्व शितांना आंच सारखी लागलेली असते. मनगटांचें तसें नाहीं. कोणी फिनलंडच्या बर्फांत धांवतो, कोणी मुंबईच्या मे महिन्यांतील घामांत. कोणाची कातडी गोरी, कोणाची सांवळी; कोणाचें मनगट काडीसारखें, कोणाचें मुसळासारखें. एकाचा फोन काल घेतलेला, दुसऱ्याचा पांच वर्षांपूर्वींचा. कारखान्यांतील शंभर मनगटांवर जें सॉफ्टवेअर निर्दोष ठरलें, तें बाहेरच्या लाखों मनगटांवर कोठें अडेल याचा भरंवसा कोणालाही देतां येत नाहीं.

म्हणून उत्पादक कांहीं गिऱ्हाइकांस आगाऊ हांक देतात. ग्रीक वर्णमालेंतील पहिलें अक्षर अल्फा व दुसरें बीटा. कारखान्यांतल्या कारखान्यांत होते ती अल्फा परीक्षा, आणि बाहेरच्या माणसांच्या हातीं देऊन होते ती बीटा परीक्षा. गार्मिनसारखी कंपनी अशी योजना उघडपणें चालविते. ज्याला इच्छा असेल त्यानें नांव नोंदवावें, हें सॉफ्टवेअर अपुरें आहे व त्यांत दोष असतील हें मान्य करावें, तें आपल्या घड्याळांत घ्यावें आणि जें आढळेल तें कळवावें. त्याबद्दल वेतन नाहीं. असें असूनही माणसें नांवें नोंदवितात. कोणी नवलाईच्या हौसेनें येतो, कोणी यंत्राच्या आवडीनें. पण पुष्कळ जण येतात ते आपली तक्रार कोणी तरी ऐकावी म्हणून.

आमचा एक भाचा ठाण्यास असतो. बँकेंतील नोकरी सांभाळून तो सातारच्या शर्यतीची तयारी करतो. नव्या सॉफ्टवेअरनें बॅटरी खाल्ल्याची जी तक्रार वर सांगितली ती त्याचीच. घड्याळ कोणत्या कंपनीचें हें सांगण्याचें कारण नाहीं. त्यानें कंपनीस लिहिलें, ‘घड्याळ बिघडलें आहे, त्वरित उपाय करा.’ उत्तर आलें तें छापील : घड्याळ बंद करून पुन्हां सुरू करून पाहावें. त्यानें पुन्हां लिहिलें, या वेळीं रागानें. उत्तर पुन्हां तेंच. गणपतीच्या दिवसांत तो आमच्याकडे आला तेव्हां म्हणाला, “मामा, सव्वीस हजार रुपये मोजले, आणि गाऱ्हाणें ऐकायला एक माणूस नाहीं.”

आम्हीं विचारलें, “अरे, पण बॅटरी उतरते केव्हां? दिवसा कीं रात्रीं? धांवतांना कीं नुसतें बसलें असतांना?”

तें त्यानें पाहिलें नव्हतें. आम्हीं ३६ वर्षें मुलांच्या गणिताच्या वह्या तपासल्या. ‘उत्तर चूक’ असा शेरा मारणें फार सोपें. पण त्यावरून मुलाला कांहींच उमजत नाहीं. ‘तिसऱ्या पायरींत हातचा राहिला’ असें लिहिलें म्हणजे मूल आपलें आपण सुधारतें. दूर बसलेला कारागीरही या बाबतींत त्या मुलासारखाच आहे. त्याला पायरी दाखवावी लागते. भाच्यानें मग आठ दिवस एक वही ठेविली. झोंपतांना व उठतांना बॅटरीचा आंकडा लिहिला. फोनशीं असलेली जोडणी एक रात्र चालू ठेविली, एक रात्र बंद. जोडणी चालू असे त्या रात्रीं बॅटरी २० टक्क्यांनीं उतरे, बंद असे त्या रात्रीं ४ टक्क्यांनीं. घड्याळाचा प्रकार, सॉफ्टवेअरचा क्रमांक, फोनचा प्रकार आणि हें कोष्टक, एवढेंच त्यानें पाठविलें. त्यांत रागाचा एक शब्द नव्हता. चौथ्या दिवशीं उत्तर आलें, आणि तें माणसानें लिहिलेलें होतें. हाच दोष आणखी कांहींनीं कळविला आहे, पण रात्रीचा हिशेब कोणीं दिला नव्हता. आपण बीटा परीक्षेंत भाग घ्याल काय, अशी त्यांत विचारणा होती. भाच्यानें होकार दिला. दीड महिन्यानें तो दोष गेला.

ही कथा येथें संपती तर आम्ही ती सांगितलीही नसती. परीक्षक झाल्यावर त्याला दुसरा एक दोष आढळला. तलावांतील फेऱ्या कमी भरत. तो त्यानें तितक्याच काळजीनें तीन वेळां कळविला. एकदां पोंच आली, दोनदां तीही आली नाहीं. पुढें तें सॉफ्टवेअर ‘पूर्ण झालें’ म्हणून सर्व गिऱ्हाइकांस देण्यांत आलें, तेव्हां फेऱ्यांचा दोष जसाच्या तसा होता. भर पडली होती ती दोन नव्या रंगीत तबकड्यांची. तो म्हणाला, “मामा, गिऱ्हाईक होतों तेव्हां नुसता राग येत होता. आतां अपमान वाटतो.” तळमळीनें परीक्षा करणाऱ्या पुष्कळ स्वयंसेवकांचें हेंच दुःख आहे. दोष राहिला याचें त्यांना तितकें वाटत नाहीं. आपण दिलेले तास कोणीं मोजलेच नाहींत, याचें वाटतें.

गणित आणि अनुभव यांचा हा झगडा आपल्याकडे नवा नाहीं. कोंकणांत नांदगांवच्या केशव दैवज्ञांनीं स्वतः आकाश पाहून ग्रहांच्या जागा ताडून घेतल्या, आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे १५२० सालीं, ‘ग्रहलाघव’ रचलें. जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहाची जागा आणि डोळ्यांना दिसणारी जागा जुळेना, तेव्हां गणितालाच दुरुस्ती द्यावयाची, ही ती परंपरा. त्या दुरुस्तीस ज्योतिषी बीजसंस्कार म्हणतात आणि डोळ्यांच्या साक्षीस दृक्प्रत्यय म्हणतात. घड्याळाचें सॉफ्टवेअर हें गणित होय, आणि मनगटावर येणारा अनुभव हा दृक्प्रत्यय. दृक्प्रत्यय मागवून घ्यावयाचा आणि बीजसंस्कार मात्र आपल्या सोयीनें करावयाचा, ही रीति शास्त्राची नव्हे, व्यापाराचीही नव्हे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. लक्षावधि रुपयांचा व्यापार करणाऱ्या कंपनीसाठीं गिऱ्हाइकानें फुकट राबावें काय? कित्येक जण याला सरसकट पिळवणूक म्हणतात. आमचें मत तसें नाहीं. गांवची विहीर उपसण्यास जो माणूस आपण होऊन उतरतो, त्याचे श्रम हें दान आहे. त्याच माणसाला वाटेंत धरून, न सांगतां, न विचारतां विहिरींत उतरविलें तर ती वेठ झाली. श्रम तेच, विहीर तीच, घामही तितकाच. भेद एवढाच कीं, एकाला विचारलें होतें आणि दुसऱ्याला नाहीं. बीटा परीक्षक दान करतो, कारण त्यानें समजून उमजून नांव दिलेलें असतें. परंतु पुरें झालें म्हणून विकलेलें घड्याळ घरीं आणल्यावर ज्याला कळतें कीं त्यांतील अर्ध्या सोयी ‘पुढील अपडेटमध्यें’ यावयाच्या आहेत, तो न विचारतां परीक्षक झालेला असतो. पंक्तींत अर्धकच्चा भात वाढावा आणि उरलेला पोटांत शिजेल म्हणून सांगावें, तशांतलाच हा प्रकार.

नवें सॉफ्टवेअर प्रथम थोड्या गिऱ्हाइकांना द्यावयाचें, ओरड झाली नाहीं तर आणखी कांहींना, आणि मग सर्वांना, अशीही एक पद्धति आहे. ती शहाणपणाची आहे, कारण दोष निघालाच तर नुकसान थोड्यांचें होतें. परंतु त्या पहिल्या थोड्यांत आपण आहों हें त्यांना सांगितलेलें नसेल, तर तेथेंही दानाची वेठ होते. हृदयाच्या दुखण्यांतून उठलेला गृहस्थ त्यांत असेल तर काय, याचा विचार कारखान्यांतील मंडळींनीं अवश्य करावा.

म्हणून उत्पादकाचीं तीन कर्तव्यें आम्हांस दिसतात. पहिलें, अपुरें असेल तें अपुरें म्हणून स्पष्ट सांगावें, आणि तें सांगणें विक्रीपूर्वीं असावें. दुसरें, ज्यानें दोष कळविला त्याला उत्तर द्यावें. ‘हा दोष आम्ही या वर्षीं काढूं शकत नाहीं’ हेंही उत्तरच आहे. तें मौनापेक्षां शतपट बरें. तिसरें, परतीची वाट ठेवावी. नवें सॉफ्टवेअर मानवलें नाहीं तर जुन्याकडे जातां आलें पाहिजे. हीं तीन पाळणाऱ्या कंपनीला परीक्षकांची वाण कधीं पडणार नाहीं.

परीक्षकाचींही कर्तव्यें आहेत. नव्या सोयी शेजाऱ्याच्या आधीं मिळाव्या एवढ्यासाठींच नांव नोंदवूं नये. आणि ज्यानें अपुरें आहे हें मान्य करून घेतलें, त्यानें दोष निघाल्यावर कांगावा करूं नये. दोष कळवितांना घड्याळाचा प्रकार, सॉफ्टवेअरचा क्रमांक, दिवस, वेळ, ठिकाण, दोष पुन्हां पुन्हां येतो कीं एकदांच आला, आणि दुसऱ्या साधनाशीं ताडून काय आढळलें, इतकें लिहावें. नाडीची तक्रार असेल तर छातीच्या पट्ट्याची नोंद शेजारीं ठेवावी, कारण पट्टा हृदयाची विद्युत्स्पंदनें टिपतो व तो पावलांच्या तालाला सहसा भुलत नाहीं. अंतराची असेल तर धांवण्याच्या मैदानावर आंतल्या पट्ट्यांतून फेऱ्या घालून पाहावें. तेथें एक फेरी ४०० मीटरची हें ठरलेलें असतें. आणि ज्या शर्यतीसाठीं सहा महिने तयारी केली, त्या दिवशीं अपुरें सॉफ्टवेअर मनगटावर बांधूं नये. दान करावें, पण घरांतील बी-बियाणें देऊन टाकूं नये.

ज्यांना परीक्षक व्हावयाचें नाहीं त्यांनींही थोडी सावधगिरी बाळगावी. शर्यतीच्या आदल्या रात्रीं अपडेट घेऊं नये. निदान आठवडाभर आधीं घेऊन त्यावर दोनचार दिवस धांवून पाहावें. पट्टा मनगटाच्या हाडाच्या किंचित् वर, हालणार नाहीं इतपत घट्ट असावा. आणि घरांत कोणाला हृदयाचा विकार असेल, तर मनगटावरचा आंकडा हा डॉक्टरांचा निर्णय नव्हे, हें त्यांस समजावून सांगावें. छातींत दुखत असतां घड्याळ सर्व ठीक असल्याचें सांगत असलें, तरी छातीचें ऐकावें, घड्याळाचें नव्हे.

शेवटीं आमच्या वाचक माताभगिनींस एक विनंती आहे. घरांतील मुलाला असें घड्याळ घेऊन द्याल, त्याच दिवशीं त्याला बोटांनीं नाडी पाहण्यास शिकवा. अंगठ्याच्या मुळाशीं, मनगटाच्या आंतल्या बाजूस दोन बोटें टेकावीं, ३० सेकंदांत पडणारे ठोके मोजावे व त्यांची दुप्पट करावी. याला कोणतेंही सॉफ्टवेअर लागत नाहीं, आणि घड्याळाचा आंकडा ताडून पाहण्याचें साधन मुलाच्या हातीं कायमचें येतें. असें ताडून पाहणारें मूल उद्यां तक्रार करील, ती ऐकण्याजोगी असेल.

आमच्या वाचकांपैकीं कोणीं असें परीक्षण केलें असल्यास त्यांनीं आपला अनुभव या सदराकडे अवश्य कळवावा. दिवस, वेळ आणि आंकडे लिहावयास मात्र विसरूं नये.